मध्ययुगीन मठांचे पहिले फोटो: तिथली शांतता किती खरी?

ओवरीकर

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला म्वासाक नावाचं गाव आहे. तिथल्या सें-पिएर मठाच्या अंगणाभोवती चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत, आपल्या मोठ्या देवळांना असतात तशाच. बांधकामाचं साल ११००. ते अंदाजाने ठरवलेलं नाही, तिथल्या एका खांबावर कोरलेलंच आहे. एक सुटा खांब, मग जोडखांब, पुन्हा सुटा अशी रांग आणि वर ७६ कोरीव स्तंभशीर्षं. १८५१ साली गुस्ताव्ह ल ग्रे आणि ऑग्युस्त मेस्त्राल हे दोन फोटोग्राफर तिथे कॅमेरा घेऊन गेले. त्यांनी काढलेले फोटो आज नेटवर सहज बघायला मिळतात. खांब, सावल्या, दगड. माणूस नाही.

अशा फोटोंखाली लोक हमखास लिहितात, 'काय शांतता आहे!', 'काळ थांबलाय!' मला ते पटत नाही. त्या शांततेतली बरीचशी राजकारणाने आणलेली आहे आणि उरलेली रसायनांनी. म्हणून हा धागा.

आधी राजकारण. फ्रेंच राज्यक्रांतीत १७८९ ला चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली आणि १७९० मध्ये मठवासी संघ बरखास्त झाले. भिक्षू गेले, इमारती लिलावात निघाल्या. कुणी गोदाम केलं, कुणी कारखाना, कुणी सरळ दगड विकले. माँ-सें-मिशेल या प्रसिद्ध मठाचा तर तुरुंग झाला होता आणि तो १८६३ पर्यंत चालला. म्हणजे कॅमेरा पोचला तेव्हा या वास्तूंमधून भिक्षू जाऊन साठेक वर्षं झाली होती. आपण बघतो ती ध्यानाची शांतता नव्हे. घर खाली केल्यानंतरची आहे.

हे फोटो सरकारी कामाचे होते. ऐतिहासिक वास्तूंसाठी फ्रान्समध्ये १८३७ साली एक आयोग नेमला गेला होता आणि कथाकार प्रॉस्पेर मेरिमे वास्तूंचा महानिरीक्षक होता. कुठल्या इमारतीची डागडुजी आधी करायची हे ठरवायला आयोगाला चित्रं हवी होती. १८५१ मध्ये त्यांनी पाच जणांना देशभर पाठवलं: एदुआर बाल्दुस, इपोलित बायार, आंरी ल सेक, ल ग्रे आणि मेस्त्राल. शेवटचे दोघे बरोबरच फिरले. या मोहिमेला 'मिसिओं एलिओग्राफिक' म्हणतात. कुठल्याही सरकारने फोटोग्राफीवर सोपवलेलं हे पहिल्या मोठ्या कामांपैकी एक.

आणि मग सरकारी खात्यात होतं तेच झालं. निगेटिव्ह जमा झाल्या, कौतुक झालं, फडताळात गेल्या. पुस्तक नाही, प्रदर्शन नाही. बायारने तर आपल्या काचेच्या निगेटिव्ह जमाच केल्या नाहीत.

म्वासाकबद्दल आणखी एक. फोटो काढल्यावर काही वर्षांतच बोर्दो-तुलूज रेल्वे आली. रूळ थेट मठाच्या आवारातून गेले. भिक्षूंची भोजनशाळा त्यात पाडली गेली, ओवऱ्या थोडक्यात वाचल्या. आजही आगगाडी अगदी लगतून जाते. तर ज्या फोटोला आपण चिरंतन वगैरे म्हणतो, तो दोन गदारोळांच्या मधल्या एका फटीत काढलेला आहे.

रसायनांचं पुढे लिहितो, नाहीतर धागा कोणी उघडणार नाही.

आळशी_कासव

उघडला बुवा. मस्त विषय. रसायनांचंही लवकर येऊ द्या. एक शंका: १८५१ मध्ये काचेच्या निगेटिव्ह होत्या ना? मग ल ग्रे कागदी निगेटिव्हवर का काढत बसला?

ओवरीकर

काच होती, पण काचेचं ओझं घेऊन महिनोन्‌महिने घोडागाडीतून हिंडायचं? शिवाय ज्या ओल्या कोलोडियनने पुढे काचेला राज्य मिळवून दिलं, ती पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केली तीच १८५१ मध्ये. त्यात काचेवर द्रव ओतायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. म्हणजे मठाच्या दारात अंधारा तंबू ठोकणं आलं.

ल ग्रेची युक्ती वेगळी होती. कागदात आधीच मेण जिरवायचं, इस्त्रीने. कागद पारदर्शक होतो आणि त्याचे तंतू छापात उमटत नाहीत. मग तो आयोडाइडच्या द्रावणात बुडवायचा. या द्रावणाची पाककृती वाचण्यासारखी आहे: तांदूळ उकळलेलं पाणी, त्यात दुधातली साखर, पोटॅशियम आयोडाइड वगैरे. (पेजेवर फोटो काढणारा माणूस आपलाच म्हणायला हवा.) कागद वाळला की चांदीच्या क्षाराचं स्नान, पुन्हा वाळवणं. असा तयार कागद पंधरवडाभर टिकतो. सकाळी हॉटेलमधून वीसेक कागद घेऊन निघायचं आणि धुवायचं काम दोन दिवसांनी दुसऱ्या गावात करायचं. फिरतीच्या माणसाला याहून सोयीचं काही नव्हतं.

याची किंमत वेळेत मोजावी लागे. हा कागद मंद. ओवरीच्या सावलीत काही मिनिटं भिंगाचं झाकण उघडं ठेवावं लागणार. तेवढ्यात कोणी झाडू घेऊन अंगणातून गेलं तरी त्याचा मागमूस राहत नाही. आली शांतता.

हेमाडपंती

उत्तम धागा. इंग्लंडची बाजू मी मांडतो, कारण तिथे गोष्ट अडीचशे वर्षं आधी घडली होती.

आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात सगळे मठ बंद केले. इमारतीतली सर्वांत महाग वस्तू कोणती? छपरावरचं शिसं. ते उतरवून, वितळवून, लाद्या करून नेलं. शिसं गेल्यावर छप्पर किती दिवस टिकणार? टिंटर्न १५३६ ला बंद झाला, रिव्हॉ १५३८ ला, फाउंटन्स १५३९ ला. तिन्ही सिस्टर्शियन पंथाचे. त्या पंथाला वस्तीपासून दूरची, पाण्याकाठची दरी लागायची. म्हणून या सगळ्या फोटोंत झाडी आणि डोंगरउतार येतात.

आता फोटोग्राफरच्या नजरेतून बघा. छप्पर नाही म्हणजे आत ऊन! वेलींनी वेढलेल्या कमानींतून तिरपा उजेड जमिनीपर्यंत येतो. शाबूत चर्चच्या आत त्या काळी फोटो काढणं म्हणजे जिकिरीचं काम. पडक्या मठात ते बाहेरच्या इमारतीइतकं सोपं. माझ्या मते ब्रिटिश फोटोग्राफर भग्न मठांच्या इतके प्रेमात पडले ते काही नुसतं कवितांमुळे नाही.

रॉजर फेंटनने १८५४ मध्ये रिव्हॉचे फोटो काढले. हा मुळात वकील. फ्रेंच लोकांचं काम बघायला १८५१ मध्ये पॅरिसला जाऊन ल ग्रेलाही भेटला होता. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली ती मुख्यतः त्याच्या खटपटीने. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेला, दारूविक्रेत्याची जुनी गाडी अंधारखोली म्हणून घेऊन. १८६२ मध्ये कॅमेरे, निगेटिव्ह सगळं विकून पुन्हा वकिलीकडे.

रिव्हॉबद्दल एक गंमत. साधारणपणे चर्चची वेदी पूर्वेला असते. इथे दरीच्या उतारामुळे चर्च जवळजवळ उत्तर-दक्षिण बसवलं आहे. नकाशा न बघता फोटोतल्या सावल्यांवरून सकाळ की संध्याकाळ ठरवायला गेलात तर फसाल.

खडूफळा

ओवरीकर, धागा छान पण तुमचा मुख्य मुद्दा मला मान्य नाही. चालणारा माणूस पुसला जातो, कबूल. पण बसवलेला माणूस? तो येतोच की.

फोटोग्राफीचा जन्मच एका मठात झाला म्हटलं तरी चालेल. इंग्लंडच्या विल्टशायरमधलं लेकॉक. एला या सॅलिसबरीच्या काउंटेसने १२३२ मध्ये स्थापलेला ऑगस्टिनियन पंथाच्या जोगिणींचा मठ. १५३९ ला बंद झाला, विल्यम शॅरिंग्टनने विकत घेतला, चर्च पाडलं आणि ओवऱ्या ठेवून बाकीचं घर केलं. ते घर पुढे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटकडे आलं. ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने तिथल्या जाळीच्या खिडकीची बोटभर निगेटिव्ह काढली. जगातली उरलेली सर्वांत जुनी कॅमेरा-निगेटिव्ह ती हीच. शेजारी त्याने लिहून ठेवलंय की नवी असताना भिंगातून काचेचे सुमारे २०० तुकडे मोजता येत होते.

याच टॅलबटने पुढे लेकॉकच्या जुन्या भागात आपला मित्र रेव्हरंड कॅल्व्हर्ट जोन्स याला बसवून फोटो काढले. तेही कागदावरच. फेंटनच्या मठांच्या फोटोंतही माणसं आहेत, कमानीशी टेकलेली, दगडावर बसलेली. म्हणजे इच्छा असेल तर माणूस दाखवता येत होता. फ्रेंचांनी नाही दाखवला, तो त्यांचा निर्णय. उगाच मेण आणि पेजेवर कशाला ढकलता?

ओवरीकर

खडूफळा, मुद्दा जोरदार आहे. बसवलेला माणूस येतो हे खरंच. पण मग विचारूया की कोणाला बसवणार आणि कशासाठी. टॅलबट स्वतःच्या घरात मित्राला बसवतो. फेंटनला फोटो विकायचे आहेत, त्याला माणूस हवा कारण त्याने आकाराचा अंदाज येतो आणि चित्र गोड दिसतं. ल ग्रे आणि मेस्त्राल आयोगाच्या कामावर आहेत. आयोगाला भेगा बघायच्या आहेत, कोण टेकलंय ते नाही.

तरी रसायन मी सोडणार नाही, कारण माणूस हा त्यातला छोटा भाग आहे. त्या काळचा कागद काय किंवा काच काय, फक्त निळा आणि जांभळ्याकडचा प्रकाश ओळखायची. लाल-पिवळ्याला आंधळी. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने रंगद्रव्य मिसळून ही अडचण फोडली आणि सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं. म्हणजे त्याआधीच्या फोटोंत निळं आकाश कोरं पांढरं, हिरवी वेल जवळजवळ काळी, तांबूस दगड गडद आणि दगडावरचं पिवळं शेवाळ म्हणजे काळा डाग. टिंटर्नचा दगड जागोजागी लालसर, जांभळट आहे. फोटोत तो वयापेक्षा म्हातारा दिसणारच. ते 'गूढ वातावरण' आपल्याला भावतं त्यातला बराचसा भाग असा आहे.

आळशी_कासव

म्हणजे मॅट्रिमोनियल फोटोच्या उलट. तिथे तरुण दिसतात.

मीनल_न्यूजर्सी

:-) कासवांना +१.

आम्ही इथे पाहुणे आले की मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला क्लॉइस्टर्स म्युझियमला नेतो. चार फ्रेंच मठांच्या ओवऱ्यांचे अवशेष आणून तिथे उभे केलेत. मधली मोठी सें-मिशेल-द-क्युक्साची. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा बेनेडिक्टाइन पंथाचा मठ, बाराव्या शतकातलं काम. क्रांतीनंतर खांब विखुरले, आसपासच्या लोकांनी नेले. जॉर्ज ग्रे बर्नार्ड नावाच्या अमेरिकन शिल्पकाराने १९०६-०७ च्या सुमारास ते गोळा करून विकत घेतले. १९२५ मध्ये धनाढ्य रॉकफेलरच्या पैशाने न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियमने संग्रह घेतला आणि १९३८ मध्ये ही इमारत उघडली. मूळ ओवरीच्या निम्म्याच मापाची आहे.

सांगायचं हे की क्युक्साचा संगमरवर गुलाबी आहे. संध्याकाळच्या उन्हात तर अगदी उठून दिसतो. जुने कृष्णधवल फोटो बघून गेलेल्या माणसाला पहिला धक्का तोच बसतो. ओवरीकरांचा रंगांचा मुद्दा मला म्हणूनच लगेच पटला.

आणि एक प्रश्न. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा एखादा जुना फोटो आहे का? तो सगळ्यांत मोठा होता ना?

हेमाडपंती

मीनल, उभ्या क्लूनीचा फोटो असणं शक्य नाही. रोममधलं सेंट पीटर बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च ते होतं. १७९८ पासून १८२३ पर्यंत पाडत होते, दगडाची खाण असल्यासारखं. दक्षिणेकडचा एक हात आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा राहिला. टॅलबटची खिडकी १८३५ ची. बारा वर्षांनी हुकलं. पुढे १९२८ पासून केनेथ कॉनन्ट या अमेरिकन वास्तुतज्ज्ञाने उत्खनन करून आराखडे मांडले, त्यावरून कल्पना करायची. म्वासाकचा मठ अकराव्या शतकाच्या मध्यापासून क्लूनीच्याच छत्राखाली होता, एवढा या धाग्याशी संबंध.

प्लॅटिनम_पाटील

सगळे १८५० मध्येच अडकलेत, मी जरा पुढे नेतो. फ्रेडरिक एव्हान्स (१८५३-१९४३). लंडनचा पुस्तकविक्रेता. १८९८ मध्ये दुकान सोडलं आणि उरलेलं आयुष्य चर्चच्या आतला उजेड पकडण्यात घालवलं. ग्लॉस्टर, इली ही पूर्वीची बेनेडिक्टाइन मठांची चर्चेस त्याने काढली. १९११ मध्ये 'कंट्री लाइफ' मासिकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीही काढली. तो आत जाऊन आधी नुसता बघत राही, ऊन कुठून कुठे सरकतं ते. फोटोत नकोत म्हणून खुर्च्या आणि दिव्यांचे सांगाडे हलवायला लावायचा. निगेटिव्हवर हात फिरवणं त्याला अजिबात मान्य नव्हतं.

छाप प्लॅटिनमवर. चांदीच्या छापात काळं आणि पांढरं यांची मारामारी असते. प्लॅटिनममध्ये करड्याच्या इतक्या छटा मिळतात की कमानीच्या पोटातला अंधारही वाचता येतो. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनमचे भाव आभाळाला भिडले, कागद मिळेनासा झाला आणि एव्हान्सने जवळजवळ कामच थांबवलं. दुसऱ्या कागदावर छापणं त्याला पटेना.

माझं मत: ल ग्रे वगैरे नोंद करत होते. वास्तू *अनुभवायला* लावली ती एव्हान्सने.

ओवरीकर

पाटील, माहिती झकास, मत अमान्य. एव्हान्सच्या फोटोत मला दगडापेक्षा एव्हान्सची भक्ती जास्त दिसते. खुर्च्या हलवल्या म्हणजे काय, तर वापरात असलेल्या प्रार्थनास्थळातून वापराच्या खुणा काढून टाकल्या! आधी क्रांतीने भिक्षू काढले, मग मंद कागदाने झाडूवाला काढला, शेवटी एव्हान्सने खुर्च्याही काढल्या. निदान ल ग्रेच्या फोटोत तुटलेला दगड तुटलेलाच राहतो.

प्लॅटिनम_पाटील

मग तुमचा लाडका बाल्दुस? त्याने दक्षिण फ्रान्समधल्या आर्लच्या सें-त्रोफीम चर्चच्या ओवरीत १८५१ मध्ये काय केलं ते पण सांगा की. सुमारे दहा निगेटिव्ह कापून एकमेकींना जोडल्या, सांध्यांवर कुंचला फिरवला आणि एक चित्र बनवलं. डोळ्यासमोर जे कधी एका वेळी दिसलंच नाही ते. ही कसली नोंद?

शिवाय आर्ल हा मठ नव्हेच. ते कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं चर्च होतं.

ओवरीकर

आर्लचे धर्मगुरू बाराव्या शतकात नियम पाळून एकत्र राहायला लागले, म्हणून त्यांना ओवऱ्या, भोजनशाळा, शयनगृह सगळं मठासारखं बांधावं लागलं. उत्तर आणि पूर्वेची बाजू रोमनेस्क (गोल कमानींची जुनी शैली), बाराव्या शतकातली. दक्षिण आणि पश्चिमेची गॉथिक (टोकदार कमानींची), चौदाव्या शतकातली. त्यामुळे या धाग्यात ती चालावी.

बाल्दुसचं म्हणाल, तर त्याची अडचण बघा. ओवरी अरुंद. मागे सरकायला जागा नाही. एका भिंगात एवढा आवाका मावत नाही. आतल्या सावलीसाठी वेळ जास्त लागतो आणि तेवढ्या वेळात कमानीबाहेरचं अंगण जळून पांढरं होतं. सावलीसाठी एक निगेटिव्ह आणि उन्हासाठी दुसरी, हे आजचे फोन गुपचूप करतातच. त्याने ते कात्रीने केलं. खोटं म्हणायचं तर म्हणा. पण छत, खांब, फरशी आणि अंगण सगळं एकदम कळणारं त्या जागेचं १८५१ मधलं चित्र दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळालं असतं, ते सांगा.

खडूफळा

म्हणजे एव्हान्सने खुर्ची हलवली की लबाडी आणि बाल्दुसने दहा तुकडे जोडले की अभ्यास. चालू द्या.

सह्याद्रीकन्या

भांडण रंगलंय, मध्ये थोडं अवांतर. हा वारा आपल्याकडे किती लवकर पोचला ते बघा. लंडनची सोसायटी १८५३ ची, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची! डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत.

आपल्याकडच्या जुन्या मठांचे, म्हणजे विहारांचे, फोटो म्हटले की रॉबर्ट गिल. १८४४ पासून अजिंठ्याला चित्रांच्या नकला करायला बसलेला लष्करी माणूस. पुढे त्याने दोन भिंगांचा कॅमेरा घेतला. जोडचित्रं दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खांब पुढे-मागे उभे दिसतात. लेण्यांसाठी किती योग्य, कारण सपाट फोटोत लेणं म्हणजे नुसता काळा चौकोन. वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्यातल्या शंभर जोडचित्रांचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. त्याच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. काळ्या-पांढऱ्या जोडचित्रांना मात्र पुस्तकाच्या प्रती होत्या.

हेमाडपंती

सह्याद्रीकन्या, हे अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. आणि पुस्तकावरून आठवलं: इंग्लंडमध्ये डेलामोट आणि कंडल या जोडीने यॉर्कशायरच्या मठांच्या फोटो-सहलीचं पुस्तक १८५६ मध्येच काढलं होतं. फ्रेंच सरकारचे फोटो फडताळात, इंग्रजांचे दुकानात. रेल्वेने सहलीला जाणारा मध्यमवर्ग गिऱ्हाईक म्हणून तयार होता ना.

आळशी_कासव

शेवटची शंका, मग झोपतो. हे फोटो नेटवर बघताना हातचलाखी कुठे झालीय ते आपल्यासारख्याला ओळखता येतं का?

ओवरीकर

येतं. आधी आकाश बघा. कागदी निगेटिव्हमध्ये आकाश डागाळलेलं, मळकट येतं. ते लपवायला फोटोग्राफर निगेटिव्हवर आकाशाच्या जागी काळी शाई भरत. शाईतून उजेड जात नाही, म्हणून छापात तिथे कोरा कागद राहतो. मनोऱ्याची कडा मोठी करून बघा. फार धारदार, कात्रीने कापल्यासारखी असेल किंवा एखादं झाड कडेशी अर्धवट गायब असेल, तर कुंचला फिरलाय.

मग माणसं शोधा. पायरीवर, दाराशी धुरकट पट्टा दिसला तर कोणीतरी थोडा वेळ थांबून निघून गेलंय.

तिसरं, निगेटिव्ह आणि छाप दोन्ही मिळाले तर शेजारी ठेवून बघा. तेव्हा मोठं करून छापायची सोय नव्हती. निगेटिव्ह कागदावर दाबून उन्हात ठेवायची, म्हणून दोन्हींचं माप एकच असतं आणि तुलना सोपी जाते. मिसिओंच्या निगेटिव्ह पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहेत, मेट म्युझियमच्या साइटवर ल ग्रे आणि बाल्दुसचे छाप मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. बाल्दुसच्या आर्लच्या छापापासून सुरुवात करा. सांधे सापडले तर इथे टाका, पाटलांना बरं वाटेल.